कोल्हिणीच्या चार ओळी

टानेनवाइलर, ४ डिसेंबर

प्रिय रिके,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. कागदावर लिहिते आहे, कारण माझा टॅबलेट सध्या तळघरात बटाट्यांच्या पेटीत आहे. वर दोन पोती आणि ओत्मारचा जुना कोट टाकलाय. त्या यंत्रातून कोण काय ऐकतं हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून फोनही करू नकोस. कागदावरच उत्तर दे, आणि पाकीट नीट चिकटव.

विचारायचं आहे ते माझ्यासाठी नाही. माझी मैत्रीण हेडविग, तिच्यासाठी. बिचारीला पोलिसांचं पत्र आलंय. तिनं म्हणे गावाच्या ऑनलाइन कट्ट्यावर १२ नोव्हेंबरला चार ओळी लिहिल्या. यमक जुळवून, फास्नेटच्या, आपल्या मुखवट्यांच्या सणाच्या, सोंगात म्हणतो तशा. खाली नावही स्वतःचं घातलं नव्हतं, ‘जंगलची कोल्हीण’ असं घातलं होतं. म्हणजे मुखवटाच झाला ना तो? आपल्याकडे शेकडो वर्षं चालत आलंय, तोंडावर लाकडी मुखवटा चढवला की महापौरालासुद्धा गाढव म्हणता येतं, आणि त्यानं हसायचं असतं. ही मोकळीक कायद्यात कुठेतरी लिहिलेली असेलच. कलम कोणतं ते कळव. हेडविगला दोन आठवड्यांत उत्तर द्यायचंय.

आणखी एक. तू त्या ऑनलाइन शिव्यांच्या तक्रारी घेणाऱ्या ऑफिसात आहेस. या ओळी पोलिसांपर्यंत नेणारा चोंबडा कोण, हे तुला एका क्लिकवर कळेल. हेडविगला फक्त नाव हवंय. ती काही करणार नाही, फक्त त्याला नमस्कार करणं बंद करेल.

बाकी इथे ठीक. सोंगांच्या मंडळानं ओत्मारचा मुखवटा दुसऱ्या कोणाला तरी दिला. मला विचारलं नाही. असो.

बडीशेपेची बिस्किटं पाठवते आहे. दातांनी तोडू नकोस, कॉफीत बुडव.

तुझी आत्या
वाल्बुर्गा


श्टुटगार्ट, ९ डिसेंबर

प्रिय आत्या,

हेडविगला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या दफनानंतरच्या कॉफीला केक मी कापला होता आणि तू माझ्या कानात म्हणाली होतीस, ‘तुकडे एवढे मोठे कशाला, तिला काय कळणार आहे?’

तरी हेडविगला माझं उत्तर कळव. कलम नाही. कुठेच नाही. आणि जी मोकळीक आपण दोघी लहानपणापासून बघत आलोय, तिच्याही अटी आहेत. आपल्याकडे सहा जानेवारीला मुखवट्यांची धूळ झटकतात. बारा नोव्हेंबरला ते पेटीत असतात. मुखवटेवाला समोर येऊन उभा राहतो. वर्षभरातली ज्याची फजिती तो वहीतून वाचतो, त्याच्या डोळ्यांत बघून वाचतो. आणि शेवटी त्याच्या हातावर गोड गोळी ठेवतो. ओत्मारकाका माझ्या बाबांची फजिती वाचायचे तेव्हा बाबा लाल व्हायचे, पण गोळी खायचे. तुझ्या हेडविगनं कोणाच्या हातावर काय ठेवलं?

तक्रार कोणी केली ते सांगता येत नाही. आमच्याकडे सहा माणसं, एक बिघडलेलं कॉफीचं यंत्र आणि रोज तीनचारशे शिव्या येतात. त्यातल्या बहुतेक नुसत्या घाणेरड्या असतात, गुन्हा नसतात, त्या आम्ही बाजूला ठेवतो. ज्या पुढे पाठवतो त्या विचार करून पाठवतो.

त्या चार ओळी काय होत्या? आणि कोणावर?

बिस्किटं बुडवूनही तुटली नाहीत.

रिके


टानेनवाइलर, १४ डिसेंबर

रिके,

बरं. मी लिहिल्या.

वकिलासारखं बोलायला लागली आहेस. तुझे बाबाही असेच होते, माझा सख्खा भाऊ असून माझ्याशी मुद्दा एक, मुद्दा दोन असं भांडायचा.

ओळी या होत्या:

‘जिच्या आजोबाचं थडगं नाही इथल्या मातीत,
तिनं आमचं तोंड घालून नाचू नये वरातीत.
घंटा बांधा गळ्यात आणि हाकलून द्या डोंगराकडे,
जिथून आली त्या शेळ्यांच्या गोठ्याकडे.’

ओळीत अक्षरं जरा कमीजास्त झाली आहेत, मला दिसतंय ते.

सेव्दा यालचिनवर होत्या. बाजारपेठेतलं औषधांचं दुकान चालवते ती. तिचा आजोबा घड्याळांच्या कारखान्यात तुर्कस्तानातून आला होता. गुंटराम खाटीक आपल्या मंडळाचा अध्यक्ष आहे आणि त्याला वाटतं की मंडळात तरुण माणसं हवीत, बायका हव्यात, नवे लोक हवेत. मग फजितीची वही घेऊन फिरायचं काम दिलं कोणाला? सेव्दाला. आणि मुखवटा कोणता? ओत्मारचा. माझ्या नवऱ्याचा. अठ्ठावीस वर्षं त्यानं घातला. आतून त्याच्या कपाळाचा घाम लाकडात मुरलाय. गुंटराम माझ्या दारात आला, टोपी हातात घेतली, आणि म्हणाला, ‘वाल्बुर्गा, मुखवटा मंडळाचा आहे, तुझा नाही.’ कायद्यानं बरोबर आहे. तुमचे सगळे कायदे बरोबरच असतात.

सगळ्यात वाईट हे की ती चांगली आहे. दर शुक्रवारी माझा गोळ्यांचा डबा तीच भरून देते, सकाळ, दुपार, रात्र. परवा मनगटाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला आणि म्हणाली, ‘हाइत्समानबाई, वाढलाय. कसली काळजी आहे का?’ मी म्हटलं, ‘हवामान.’ तर म्हणाली, ‘मलाही झोप लागत नाही हल्ली. कोणीतरी कट्ट्यावर माझ्याबद्दल घाण लिहिलीय.’ आणि माझ्यासाठी गरम पाण्याची पिशवी काढायला आत गेली.

तिला माहीत नाही. पोलिसांना माहीत आहे, तिला नाही. मी पिशवी घेतली आणि घरी आले.

वाल्बुर्गा


श्टुटगार्ट, २० डिसेंबर

प्रिय आत्या,

तू चार ओळी लिहून टॅबलेट बंद केलास. खाली काय झालं ते तू वाचलं नसशील, म्हणून लिहिते.

खाली एक्केचाळीस जणांनी भर घातली. यमकाची तसदी कोणी घेतली नाही. पहिल्या दहा जणांनी तुझ्या शेळ्या पुढे चालवल्या. मग एकानं तिच्या आईबद्दल लिहिलं. मग कोणीतरी, ज्याला गावात कोणी ओळखत नाही, त्यानं लिहिलं की ती साडेसहाला दुकान बंद करते आणि पाठीमागच्या गल्लीतून एकटी गाडीकडे जाते. त्याखाली चौदा अंगठे आहेत. तेव्हापासून तिचा भाऊ रोज कामावरून निघून तिला घ्यायला येतो. त्या माणसाचा खटला वेगळा चालेल, त्याला कोणाच्या सहीची गरज नाही. पण सुरुवात तुझ्या ओळींनी झाली.

तू रागावली होतीस गुंटरामवर. खरं तर त्याच्यावरही नाही, ओत्मारकाका गेले यावर. ते मला कळतं. पण तू गुंटरामला काही म्हणाली नाहीस, कारण तो उलट बोलला असता. तू त्या एकीला धरलंस जिच्याबद्दल गर्दी तुझ्यामागे येईल हे तुला आतून माहीत होतं. मी हे काम अकरा वर्षं करते आहे, आत्या. राग एकीकडचा असतो आणि पत्ता दुसरीकडचा.

आता कायदा. तुझ्या ओळी अपमानात मोडतात. अपमानाचा खटला, ज्याचा अपमान झाला त्यानं सही करून मागितला तर पुढे जातो. तिला १६ फेब्रुवारीपर्यंत मुदत आहे. ती सही करेल किंवा नाही, तो तिचा हक्क आहे. पण सहीआधी कागद उघडेल तेव्हा तिला तुझं नाव दिसेल. ते तिला कागदात दिसण्याआधी तुझ्या तोंडून कळावं असं मला वाटतं. माफीसाठी नाही. ती कोणाचा डबा भरते आहे हे तिला माहीत असावं म्हणून.

नाताळला येऊ शकत नाही. सुट्टीत शिव्या दुप्पट येतात.

रिके


टानेनवाइलर, ९ जानेवारी

प्रिय रिके,

प्रयत्न चालू आहेत.

नाताळाआधी गेले. गल्ल्यासमोर उभी राहिले, तोंड उघडलं, आणि मागे पाद्रीबाबा येऊन उभे राहिले. त्यांच्यासमोर कसं बोलणार? खोकल्याचं औषध घेऊन परत आले. वर्ष संपेपर्यंत आणखी पाचदा हेच झालं. नव्या वर्षात पुन्हा गेले. दुकान रिकामं होतं. सेव्दा म्हणाली, ‘बोला.’ मी म्हटलं, ‘खोकल्याचं औषध.’ ती म्हणाली, ‘पण तुम्हाला खोकला आहे कुठे? मी तर एकदाही ऐकला नाही.’ मी म्हटलं, ‘आत दबलाय.’ आठव्या वेळी ठरवूनच गेले, घरी आरशासमोर तीनदा म्हणून गेले. ऐन वेळी समोर दिसलं ते उचललं. तिनं बघितलं आणि विचारलं, ‘हे बाळाच्या हिरड्यांना लावायचं आहे. कोणाचं बाळ?’ मी म्हटलं, ‘हेडविगच्या नातवाचं.’

आता माझ्याकडे खोकल्याच्या सात बाटल्या आहेत. तुला हव्यात का?

सहा तारखेला मुखवट्यांची धूळ झटकली. मी गेले नाही, त्याऐवजी दफनभूमीत ओत्मारकडे गेले. बर्फ होता, वाट नेहमीची बंद, म्हणून नव्या भागाकडून वळसा घातला. तिकडे मी कधी जात नाही. ओत्मारच्या मागे चौथ्या रांगेत करड्या दगडावर नाव आहे: हलील यालचिन. १९९८. त्याच्यावर कोणीतरी ताज्या फांद्या ठेवल्या होत्या. मी तिथे बराच वेळ उभी होते. पायांची बोटं बधिर झाली. तो सेव्दाचा आजोबा. सत्तावीस वर्षं इथल्याच मातीत आहे, ओत्मारपेक्षा वीस वर्षं आधीपासून.

म्हणजे माझी पहिली ओळ चुकीची आहे, रिके. सरळ सरळ चूक.

फजितीच्या वहीची चित्रं यंदाही मीच काढते आहे, एकतीस वर्षं काढत आले. गुंटरामनं यादी आणून दिली. पाद्रीबाबांनी गाडी मागे घेताना स्वतःचंच गॅरेज पाडलं, ते चित्र छान जमलंय.

वाल्बुर्गा


श्टुटगार्ट, १५ जानेवारी

प्रिय आत्या,

आणि थडगं तिथे नसतं, तर ती ओळ बरोबर ठरली असती का?

एवढंच विचारायचं होतं, पण तेवढ्यावर पत्र संपवणं अप्रामाणिक होईल. तू पहिल्या पत्रात एक नाव मागितलं होतंस. तक्रार कुठल्या अनोळखी माणसाकडून आली, ते खरंच मला माहीत नाही. पण ती माझ्या टेबलावर आली. ‘जंगलची कोल्हीण’ हे नाव वाचून मी हसले. ओळी वाचून हसू थांबलं. तू माझ्या प्रत्येक वाढदिवसाला चार ओळी पाठवतेस आणि प्रत्येक वेळी तिसरी ओळ लांबते आणि चौथी धापा टाकत येते. मी बाविसाव्या वर्षापासून त्या जपून ठेवल्या आहेत. मला दुसऱ्या ओळीलाच कळलं होतं.

नियमाप्रमाणे मी तो कागद लगेच शेजारच्या टेबलावर द्यायला हवा होता. मी तो दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. दोन दिवसांत खाली सोळा जण वाढले. साडेसहाची वेळ लिहिणारा त्यातलाच. मग मी साहेबांना सगळं सांगितलं, त्यांनी तो पुढे पाठवला, आणि खाली पहिली सही माझी आहे.

चोंबडी मीच, आत्या.

माझ्याशी बोलणं बंद करायचं असेल तर कर. पण सोळा फेब्रुवारीआधी तिच्याशी बोल.

रिके


टानेनवाइलर, १३ फेब्रुवारी

रिके,

तुझं पत्र एकदा वाचून ब्रेडच्या डब्यात ठेवलं. त्याबद्दल आज नाही.

काल फास्नेटचा गुरुवार होता. ‘ओक्सन’ खानावळीत बायकांच्या टेबलावर आम्ही नऊ जणी. बाहेर घंटा वाजल्या आणि ओत्मार आत आला. म्हणजे तोच लाकडी चेहरा, तेच वाकडं हसू, तोच पट्ट्यावरच्या घंटांचा वेष, फक्त दोन वीत बुटका. काखेत वही. चिरक्या सोंगाच्या आवाजात पाद्रीबाबांचं गॅरेज वाचलं. सगळे टेबलं बडवून हसले. गुंटरामचं वाचलं, पाद्रीबाबांच्या हातावर गोळी, गुंटरामच्या हातावर गोळी. ती छान करत होती, रिके. ओत्मार घाईनं वाचायचा. ही थांबायची, माणसाला घाबरू द्यायची.

मग माझ्यासमोर आली.

पान उघडलं. ते माझ्या हातचं नव्हतं. स्केचपेननं काढलं होतं, एक म्हातारी, नाक एवढं मोठं, आणि सात बाटल्या. ‘आमच्या गावी एक बाई, खोकला तिला मुळीच नाही...’ असं काहीतरी. बाळाच्या हिरड्यांचं मलमही होतं त्यात. ‘हेडविगच्या नातवाला अजून दात आला नाही!’ खानावळ कोसळली. शेजारची म्हणाली, ‘वाल्बुर्गा, सात?’ सेव्दानं ते पान स्वतः बसून काढलं होतं, माझ्यासाठी. नाक रंगवताना तिला मजा आली असणार.

आपल्याकडे ज्याची फजिती वाचतात त्यानं बोलायचं नसतं. हसायचं आणि हात पुढे करायचा. मी हात पुढे केला. आणि बोलले.

म्हटलं, ‘वही अर्धी आहे. पुढे लिहा. खोकल्याच्या औषधाला मी सातदा आले ते सांगायला, की कट्ट्यावरची जंगलची कोल्हीण मी आहे.’

तू म्हणशील सगळ्यांसमोर कशाला. ओळी सगळ्यांसमोर लिहिल्या होत्या म्हणून.

कोणी ग्लास खाली ठेवला तो आवाज अजून कानात आहे. मी तिच्याकडे बघत होते. पण रिके, मुखवटा! ओत्मार हसतोय, नेहमीसारखा, आणि आत ती रडते आहे की चिडली आहे, काही कळायला मार्ग नाही. समोरच्या माणसाचा चेहरा न दिसणं काय असतं ते मला सत्तरीनंतर कळलं. तिनं वही मिटली. गोळ्यांच्या पिशवीकडे हात गेला, थांबला. मग ती वळली आणि घंटा वाजवत बाहेर गेली. माझा हात तसाच पुढे.

गुंटराम घसा साफ करून म्हणाला, ‘वाल्बुर्गा, बीअर?’

एकतीस वर्षांत कोणाच्या हातावर गोळी पडली नाही असं मी पाहिलेलं नाही.

वाल्बुर्गा


श्टुटगार्ट, २० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पत्र ऑफिसात उघडलं, ते चुकलं. शेजारच्या टेबलावरच्यानं विचारलं, ‘धमकी आहे का?’ मी म्हटलं, ‘नाही, घरचं आहे.’

सोळा तारीख गेली. काय झालं ते लिही. काहीच झालं नसलं तरी लिही. आणि शुक्रवारी डबा कोण भरतं तेही.

ब्रेडच्या डब्यात माझं पत्र आहे तोवर ब्रेड कुठे ठेवतेस?

रिके


टानेनवाइलर, ९ मे

प्रिय रिके,

ब्रेड ओव्हनमध्ये ठेवते. दोनदा विसरून ओव्हन लावला.

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण मला एक गोष्ट ठरवायची होती. तू पाठवलंस याचा मला राग आहे, की दोन दिवस अडवलंस याचा? पाठवलंस ते बरोबर केलंस. अडवलंस ते माझ्यासाठी केलंस आणि ते चूक होतं, आणि त्या दोन दिवसांत त्या पोरीचं जे झालं त्यात अर्धा वाटा तुझा, अर्धा माझा. एवढं कळायला जवळजवळ चार महिने लागले. पत्र डब्यातून काढलंय. तुझ्या वाढदिवसाच्या ओळींबरोबर तिसऱ्या ओळीबद्दल बोलू.

सेव्दानं सही केली. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी. तुझं पत्र पहाटेच लिहून टाकलं आणि मी सकाळी दुकानात गेले, म्हटलं आज आपल्याला हाकलतील तर हाकलू दे. ती म्हणाली, ‘मी आत्ता पोलीस ठाण्यातून येते आहे. सही केली.’ मी म्हटलं, ‘बरोबर केलंत.’ ती म्हणाली, ‘तुम्ही बरोबर म्हणावं म्हणून नाही केली.’ मग हात पुढे करून म्हणाली, ‘डबा.’ आणि भरला. गोळ्या नेहमीपेक्षा जोरात टाकत होती.

पुढचे नऊ शुक्रवार ‘डबा’ एवढंच. दहाव्या शुक्रवारी म्हणाली, ‘माझे आजोबा ओत्मारच्या शेजारच्या यंत्रावर होते, चौतीस वर्षं. तुम्हाला माहीत नव्हतं?’ नव्हतं. ओत्मार कारखान्यातलं घरी काही बोलायचा नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

कट्ट्यावर मी माझ्या नावानं लिहिलं. टॅबलेटला मोड आले होते, म्हणजे बटाट्यांना, पण चालतो. ‘कोल्हीण मी होते, ओळी घाणेरड्या होत्या, आणि आजोबाचं थडगं इथे नसतं तरीही घाणेरड्याच असत्या.’ हे तुझंच वाक्य आहे, चोरलं. आता लोक माझ्याबद्दल लिहितात. एकानं ‘म्हातारी घूस’ लिहून चार ओळी केल्यात. तक्रार करावी का ठरत नाही. त्याची तिसरी ओळ माझ्यापेक्षा बरी आहे.

आता मुख्य. कोर्टानं लिहिलं होतं की शिक्षेचा कागद घरी पाठवू, यायची गरज नाही. मी उलट टपाली कळवलं, नको, मी समोर उभी राहीन. माझ्या वकिलानं कपाळावर हात मारला. मंगळवारी सकाळी नऊला सुनावणी आहे, जिल्ह्याच्या गावी. सेव्दाला साक्षीदार म्हणून बोलावलंय.

अडचण अशी की पहिली बस साडेनऊला सुटते. हे न्यायाधीशांना कोण सांगणार? गुंटरामला विचारलं, त्या दिवशी त्याच्याकडे डुक्कर आहे. पाद्रीबाबांच्या गाडीत मी बसत नाही. काल शुक्रवार, म्हणून दुकानात सहज म्हटलं की चालत निघावं लागेल बहुतेक. सेव्दा डबा भरत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मी आठला निघते. पुढच्या सीटवर माझी पिशवी असते. मागे बसा.’

मी म्हटलं, ‘बसते.’

तर मंगळवारी आम्ही दोघी माझ्याविरुद्धच्या खटल्याला एकाच गाडीतून जाणार आहोत. रस्ता पन्नास मिनिटांचा आहे, रिके, आणि येताना आणखी पन्नास. फोन केलास तरी चालेल. एवढा वेळ काय बोलायचं ते सांग, आणि सोमवारी रात्रीपर्यंत सांग.

तुझी आत्या
वाल्बुर्गा